खणांची युक्ती

पुष्कळ वस्तूंचा संग्रह करणे हे फारसे अवघड काम नव्हे; संग्रहातील नेमकी हवी ती वस्तू हव्या त्या क्षणी हाती येणे, हे खरे अवघड. ज्या घरात पुस्तके विपुल आणि कपाटे अस्ताव्यस्त असतात, तेथील माणसांस हे वेगळे सांगावयास नको. संगणकासही याच अडचणीस तोंड द्यावे लागते. त्याच्या स्मृतीत लक्षावधी नावे सहज मावतात. परंतु एखादे नाव त्यांत आहे किंवा नाही हे पाहण्यासाठी त्याने आरंभापासून एकेक नाव ताडून पाहावयाचे म्हटले, तर त्याच्या वेगाची सारी पुण्याई त्या शोधातच खर्ची पडावयाची.

या अडचणीवर योजलेल्या उपायांपैकी एकास 'हॅश टेबल' असे नाव आहे. आयबीएम या अमेरिकन कंपनीतील हान्स पीटर लून यांनी १९५३ च्या जानेवारीत कंपनीच्या अंतर्गत टिपणात ही कल्पना मांडली होती. 'हॅश' या इंग्रजी शब्दाचा अर्थ बारीक चिरून एकत्र कालवणे असा आहे. नावाची अक्षरे जणू अशीच चिरून कालवावयाची, त्यांतून एक संख्या काढावयाची आणि त्या संख्येच्या खणात ते नाव ठेवावयाचे, एवढेच या युक्तीचे तत्त्व. पुढे तेच नाव शोधावयाचे झाले की पुन्हा तेच गणित करावयाचे. उत्तर अर्थातच तेच येते, आणि शोध एकदम योग्य खणापाशी येऊन थांबतो. टपाल कचेरीत पत्रे निवडणारा कारकून सारा ढीग उलथापालथा करीत बसत नाही. गावाचे नाव पाहतो आणि पत्र त्या त्या खणात टाकतो. येथील प्रकारही तसाच आहे. फरक इतकाच की, खण कोणता हे गावावरून न ठरता गणितावरून ठरते.

डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत घडविलेली सी भाषा स्वभावाने मितभाषी आहे. हॅश टेबल तिच्या प्रमाणित साहित्यात आयते मिळत नाही. प्रोग्राम लिहिणाराने ते स्वतःच रचावे लागते. कसे रचावे, याचा धडा ब्रायन कर्निहन आणि रिची यांच्या ग्रंथाच्या १९८८ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत दिलेला आहे. त्यात खण १०१ आहेत. हिशेबास शून्यापासून आरंभ करावयाचा. पुढे प्रत्येक अक्षरागणिक आधीच्या हिशेबास ३१ ने गुणावयाचे आणि त्या अक्षराचा सांकेतिक अंक त्यात मिळवावयाचा. अखेर येणाऱ्या संख्येस १०१ ने भागून जी बाकी उरेल, तो खणाचा क्रमांक.

आता दोन निरनिराळी नावे एकाच खणाच्या वाट्यास आली तर काय करावयाचे? हा प्रसंग वाटतो तितका विरळ नाही. १०१ खणांत यदृच्छेने १३ नावे टाकली, तरी कोठेतरी दोन नावांची गाठ पडण्याचा संभव निम्म्याहून अधिक असतो. यासाठी प्रत्येक खणास एक साखळी जोडलेली असते. त्या खणाची सारी नावे एकीपुढे एक कड्यांप्रमाणे गुंफली जातात, आणि शोधणाराने तेवढीच साखळी चाचपावयाची. साखळ्या लांबू लागल्या की खणांची संख्या वाढवून नावांची पुन्हा वाटणी करावी, हा शहाणपणाचा मार्ग. यात सी भाषेपुरते एक पथ्य आहे. कड्यात नावाचा केवळ स्मृतीतील पत्ता टिपून भागत नाही. नावाची स्वतंत्र नक्कल करून ठेवावी लागते. कारण मूळ जागेवर दुसरे नाव लिहिले गेले, म्हणजे खणातील नोंदही नकळत पालटते, आणि मग ती कोणत्याच शोधास सापडत नाही.

येथवर सारे सुरळीत आहे. तथापि या व्यवस्थेच्या मुळाशी एक गृहीत आहे, ते असे की, नावे खणांत साधारण सारखी विखुरतील. नावे सहजगत्या येत असतात तोवर हे गृहीत टिकते. ती कोणी मुद्दाम निवडून पाठवू लागला, म्हणजे मात्र ते कोसळते. रोमन लिपीतील मोठ्या 'ए'चा सांकेतिक अंक ६५, लहान 'ए'चा ९७ आणि मोठ्या 'बी'चा ६६ आहे. मोठा 'ए' व लहान 'ए' या जोडीचा हिशेब ३१ गुणिले ६५ अधिक ९७, म्हणजे २११२ होतो. दोन मोठ्या 'बीं'चा हिशेब ३१ गुणिले ६६ अधिक ६६, म्हणजे तोही २११२ च. दोघींचा खण एकच, ९२ वा. या दोन जोड्या हव्या त्या क्रमाने दहा वेळा मांडल्या, तर वीस अक्षरांची १०२४ निरनिराळी नावे तयार होतात आणि ती सर्व एकाच खणात जाऊन पडतात. प्रत्येक नाव ठेवण्यापूर्वी ते आधी आहे की काय हे पाहावयाचे असल्यामुळे, जेथे सुमारे ५,२०० तुलनांत काम व्हावयाचे, तेथे ५,२३,७७६ तुलना कराव्या लागतात. उरलेले शंभर खण तेव्हा रिकामेच असतात.

हा धोका कागदावर राहिला नाही. अमेरिकेतील राइस विद्यापीठाच्या स्कॉट क्रॉस्बी व डॅन वॉलक यांनी २००३ साली तो प्रयोगाने सिद्ध केला. संगणकजाळ्यावर पहारा ठेवणाऱ्या 'ब्रो' नामक प्रोग्रामकडे त्यांनी, टेलिफोनच्या तारेवरून सहज जाईल इतकाच थोडा, परंतु निवडक मजकूर पाठविला. सहा मिनिटांत तो पहारेकरी ७१ टक्क्यांपर्यंत वाहतूक सोडून देऊ लागला. इशारा मिळूनही पुष्कळांनी तो मनावर घेतला नाही. २०११ च्या डिसेंबरात बर्लिन येथील परिषदेत हाच हल्ला पीएचपी, जावा, पायथन अशा अनेक प्रचलित भाषांवर लागू पडतो, हे पुन्हा दाखवावे लागले. पीएचपीचे अंतरंग सी भाषेतच लिहिलेले असून तिच्या सूत्रात ३१ ऐवजी ३३ हा गुणक होता. पण गुणक बदलल्याने दोष जात नाही. सूत्र जगजाहीर असले, की त्यावरून एकाच खणात पडणारी नावे कोणासही रचता येतात.

उपाय सापडला तो या निदानातूनच. प्रोग्राम सुरू होताना एक गुप्त संख्या यदृच्छेने निवडावयाची आणि प्रत्येक हिशेबात ती कालवावयाची, म्हणजे कोणते नाव कोणत्या खणात जाईल याचा अंदाज बाहेरच्या माणसास बांधता येत नाही. मात्र कालवण्याची रीतही पक्की हवी. ती कच्ची असली तर गुप्त संख्येचाही उपयोग होत नाही. या हेतूने झाँ-फिलिप ओमासों व डॅनियल बर्नस्टाइन यांनी २०१२ साली 'सिपहॅश' हे सूत्र प्रसिद्ध केले, आणि २०१४ साली पायथनच्या ३.४ या आवृत्तीने ते स्वीकारले.

कर्निहन व रिची यांचा छोटा धडा यामुळे बाद होत नाही. आपल्याच घरच्या यादीसाठी तो आजही पुरेसा आहे. परंतु ज्या प्रोग्रामचे दार अनोळखी माणसांसाठी उघडे असते, त्यासाठी टेबल रचताना खण किती असावेत याबरोबरच, त्यांत पडणारी नावे कोण निवडणार आहे, हाही विचार प्रोग्राम लिहिणाराने आरंभीच केला पाहिजे.