विश्वाचा हिशेब आणि संगणक
(संस्थेच्या वार्षिक समारंभातील भाषण)



मोरा बंदरातून भाऊच्या धक्क्याला जाणाऱ्या लाँचला भरती-ओहोटी सांभाळावी लागते. पण पुढच्या वर्षाच्या भरतीच्या वेळा आजच छापून तयार असतात. चंद्र-सूर्याच्या गुरुत्वाकर्षणाचा नियम आणि किनाऱ्यावर घेतलेल्या नोंदी, यांवरून त्या गणिताने काढतात. याच रीतीने शास्त्रज्ञ विश्वाच्या भूतकाळाचाही हिशेब मांडतात.

विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे आहे. ते प्रयोगशाळेत पुन्हा घडविता येत नाही. म्हणून त्याची प्रतिकृती संगणकात घडवितात. विश्व सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांचे होते, त्या वेळचा प्रकाश आजही आपल्यापर्यंत पोहोचतो. तेव्हा सर्वत्र जवळजवळ सारखेपणा होता, फरक लाखात एक भाग एवढाच, असे त्यावरून दिसते. ही आरंभीची मांडणी संगणकाला द्यायची, निसर्गाचे नियम सांगायचे आणि काळ थोडाथोडा पुढे सरकवायचा. जेथे द्रव्य किंचित अधिक, तेथे आणखी द्रव्य ओढले जाते. अखेर दीर्घिकांचे विशाल जाळे उभे राहते.

हे काम किती मोठे? वर्गातील ४० मुलांनी एकमेकांशी हस्तांदोलन करावयाचे ठरविले, तर ते ७८० वेळा करावे लागेल. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या 'मिलेनियम' या गणनेत तर सुमारे १००० कोटी कण होते! प्रत्येक जोडीचा हिशेब करणे अशक्यच. म्हणून दूरच्या कणांचा समूह एकच वस्तू मानण्याची युक्ती वापरतात. अशा युक्त्यांवर आपल्या देशातही काम झाले आहे. पुण्याच्या 'आयुका' संस्थेत पीएच. डी. केलेले डॉ. जसजीतसिंग बागला यांनी २००२ साली 'ट्री-पीएम' ही पद्धत मांडली. त्यांचे मार्गदर्शक डॉ. पद्मनाभन हे डॉ. जयंत नारळीकरांचे विद्यार्थी.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. 'आयुका'चे संस्थापक-संचालक डॉ. नारळीकर यांना महास्फोटाचा सिद्धांत मान्य नव्हता. तरीही त्याच संस्थेत त्या सिद्धांतावर आधारलेले संशोधन झाले. गुरूचे मत वेगळे म्हणून शिष्याचे गणित अडले नाही. खऱ्याखोट्याचा निवाडा शेवटी आकाशातील निरीक्षणे करतात.

संगणक स्वतः काही जाणत नाही. चुकीचा नियम दिला, तर चुकीचे विश्व तो तितक्याच तत्परतेने तयार करील. म्हणून त्याचे उत्तर दुर्बिणीतून दिसणाऱ्या आकाशाशी ताडून पाहतात. केवळ दिसणारे द्रव्य धरले, तर आजच्यासारख्या दीर्घिका एवढ्या काळात तयार होत नाहीत. न दिसणारे कृष्णद्रव्य धरले, तर हिशेब बराच जुळतो.

मुलांनो, मोठे यंत्र नाही म्हणून अडून बसू नका. १९४१ साली स्वीडनच्या होल्मबर्ग यांनी दोन दीर्घिकांची टक्कर ७४ विजेच्या दिव्यांनी अभ्यासली. अंतर वाढले की प्रकाश ज्या प्रमाणात कमी होतो, त्याच प्रमाणात गुरुत्वाकर्षणही कमी होते, एवढे त्यांनी हेरले होते. हा नियम तुमच्या शालेय पुस्तकातही आहे.

पालकांना माझी विनंती आहे, दहावीनंतर "गणित अवघड, सोडून दे" असा सल्ला घाईने देऊ नका. मुलींना तर मुळीच नको. घरी दुर्बीण नसली तरी चालेल, पण वही-पेन्सिल आणि "हे असे का?" असे विचारण्याची मोकळीक असू द्या.