यंत्राचा हात आणि शस्त्रवैद्याचा हात
(वर्धा येथील वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



मंडळाने आम्हास आरोग्यावर बोलण्याची आज्ञा केली. ज्याचा उच्चार आपल्या घरांतून सहसा होत नाही, असाच विषय आम्ही निवडला आहे. साठी उलटलेला पुरुष रात्रीतून चार वेळा उठतो, न्हाणीत ताटकळत उभा राहतो आणि सकाळी कोणी विचारले तर थंडीला बोल लावतो. ही गोष्ट प्रथम घरच्या गृहिणीच्याच ध्यानात येते. म्हणून भगिनींसमोर हा विषय काढण्यात आम्हास संकोच वाटत नाही.

मूत्राशयाच्या मुखाशी अक्रोडाएवढी प्रोस्टेट नावाची ग्रंथी असते व तिच्यामधून मूत्रमार्ग जातो. वयपरत्वे ती वाढते. ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे. तिला पुष्कळदा औषध पुरते. न पुरल्यास मूत्रमार्गातूनच दुर्बीण घालून आतला भाग खरवडून काढतात. तेथे ‘रोबो’ची सहसा गरज पडत नाही. हे मुद्दाम सांगण्याचे कारण असे की, आर्वीकडील आमच्या एका बांधवाने केवळ या वाढीसाठी वावराला गिऱ्हाईक पाहण्यास आरंभ केला होता! संपूर्ण ग्रंथी काढण्याचा प्रश्न येतो तो मुख्यतः कर्करोगात, आणि तोही रोग बाहेर पसरलेला नसेल तेव्हा.

ही शस्त्रक्रिया अवघड का? ग्रंथीच्या पुढे शिरांचे जाळे, मागे गुदाशय, खाली लघवी रोखून धरणारा स्नायू, आणि दोन्ही बाजूंना पुरुषत्वाच्या नाजूक मज्जातंतूंच्या जुड्या. अमेरिकेत डॉ. ह्यू यंग यांनी १९०४ साली कर्करोगासाठी ही संपूर्ण ग्रंथी काढली. पण त्या मज्जातंतू राखण्याची रीत डॉ. पॅट्रिक वॉल्श यांनी १९८२ साली दाखविली. म्हणजे खरी क्रांती यंत्राने केली नाही. ती शरीररचनेच्या ज्ञानाने केली. यंत्र मागाहून, २००० सालच्या सुमारास आले. ते रुळविण्यात त्या वेळी डेट्रॉइट येथे असलेल्या डॉ. मणी मेनन या आपल्या भारतीय शल्यविशारदाचा मोठा वाटा आहे. भारतात दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत २००६ साली या कामास प्रारंभ झाला.

यंत्र आपल्या बुद्धीने कापते, ही समजूत मात्र सोडून द्यावी. रुग्णास पूर्ण भूल देऊन डोक्याकडची बाजू खाली करतात, पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरतात आणि बोटाच्या पेराहूनही लहान अशा पाच-सहा छिद्रांतून दुर्बीण व हत्यारे आत सोडतात. शस्त्रवैद्य काही हातांवर बसून दोन्ही हातांनी मुठी चालवितो. आतली हत्यारे मनगटासारखी वळतात, हाताचा कंप गाळला जातो आणि दृश्य सुमारे दहापट मोठे, खोलीसह दिसते. मूत्राशयाची मान सोडवावयाची, वीर्यकोश मोकळे करावयाचे, मज्जातंतूंच्या जुड्या कांद्याच्या पापुद्र्याप्रमाणे अलगद बाजूस सारावयाच्या, ग्रंथी पिशवीत घालून बाहेर काढावयाची आणि मूत्राशय मूत्रमार्गाशी पुन्हा शिवावयाचा. या शेवटच्या टाक्यांत यंत्राचा उपयोग सर्वांत अधिक, असे आमचे मत आहे. मूत्राशय पुढून न सोडविता मागील बाजूने आत शिरण्याचीही एक पद्धत इटलीत निघाली. तीत लघवीवरचा ताबा लवकर परततो. परंतु रोग मज्जातंतूंपर्यंत पोचला असेल, तर त्या राखण्याचा हट्ट धरू नये.

१९२४ सालच्या जानेवारीत पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी गांधीजींच्या आंत्रपुच्छावर शस्त्रक्रिया केली. मध्येच वीज गेली आणि कंदिलाच्या उजेडात ती पुरी करावी लागली. पुढे ज्यांनी सेवाग्रामास आपल्या जिल्ह्याचे भाग्य उजळविले, ते तेथून सुखरूप उठले. साधन उणे होते, हात उणा नव्हता. ऑस्ट्रेलियात ३२६ रुग्णांवर खुली व यंत्राची पद्धत ताडून पाहण्यात आली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत यंत्राने रक्तस्राव कमी झाला, घरी जाणेही लवकर झाले; परंतु बारा आठवड्यांनी लघवी व पुरुषत्व यांत दोन्ही गटांत ठळक अंतर आढळले नाही.

तेव्हा रुग्णालयात यंत्र कोणते, हे विचारण्यापूर्वी करणाऱ्याने अशा शस्त्रक्रिया किती केल्या आणि त्याच्या रुग्णांपैकी वर्षभराने किती जण कोरडे राहिले, हे विचारावे. घाई तर नकोच. ब्रिटनमध्ये सुमारे सोळाशे रुग्णांपैकी काहींवर शस्त्रक्रिया, काहींवर किरणोपचार झाले, तर काहींवर नुसती देखरेख ठेवली. पंधरा वर्षांत या रोगाने शंभरांत तीनजणच दगावले. अर्थात ते रोग लवकर सापडलेले होते.

शस्त्रक्रियेनंतर लघवीची नळी साधारण आठवडाभर राहते. ती निघाल्यावर काही आठवडे, पुष्कळदा काही महिनेही, कपडे ओले होतात. अशा वेळी सुनेने वा मुलाने नाक मुरडू नये. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचा व्यायाम शस्त्रक्रियेपूर्वीच शिकून घ्यावा. रक्तातील पीएसएची तपासणी पहिल्या तीन महिन्यांत व पुढे ठरल्या वेळी करावी. ग्रंथी गेल्यावर हा आकडा जवळजवळ शून्यावर यावयास हवा. तो पुन्हा चढू लागल्यास किरणोपचार शिल्लक असतात; त्यासाठी कागदपत्रे एका पिशवीत घालून घरात हाताशी ठेवावीत.