कल-चाचणीची तयारी आणि आपले घर
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



वर्धापनदिनी परीक्षेचा विषय काढावा, हे काहींना रुक्ष वाटेल. पण आपल्यापैकी अनेकींच्या घरी नोकरीच्या परीक्षेला बसणारी एखादी मुलगी किंवा सून आहे. तिचे जाडजूड पुस्तक आपण रोज पाहतो. त्यात काय आहे, हे मात्र सहसा विचारीत नाही. म्हणून आज त्याविषयीच चार शब्द सांगणार आहे.

कल-चाचणी, म्हणजे मुली जिला ‘ॲप्टिट्यूड’ म्हणतात ती, शाळेच्या परीक्षेसारखी नव्हे. शाळेत काय ठाऊक आहे ते विचारतात. येथे ठाऊक असलेले किती लवकर आणि किती अचूक वापरता येते, ते पाहतात. स्टेट बँक सोडून इतर सरकारी बँकांच्या कारकुनी जागांचे उदाहरण घेऊ. त्यांची परीक्षा मुंबईची ‘आयबीपीएस’ ही संस्था घेते. पूर्वपरीक्षेत प्रश्न १०० आणि वेळ ६० मिनिटे. इंग्रजीचे ३०, गणिताचे ३५, तर्कशक्तीचे ३५. प्रत्येक विभागाला २० मिनिटे. एका विभागात उरलेला वेळ दुसऱ्याला देता येत नाही. म्हणजे गणिताच्या एका प्रश्नाला जेमतेम ३४ सेकंद! इंग्रजीचा विभाग सोडला, तर प्रश्न मराठीतूनही घेता येतात.

हे ऐकून घाबरू नये. १९५७ साली दशमान नाणी आली आणि आणे गेले. पण रुपयाचे सोळा आणे ज्यांच्या डोक्यात आहेत, त्यांना शेकडेवारी सोपी जाते. चार आणे म्हणजे शेकडा पंचवीस, दोन आणे म्हणजे शेकडा साडेबारा. ‘६४० चे साडेसदतीस टक्के किती?’ असे विचारले, तर लांबलचक गुणाकार न मांडता सहा आणे म्हणावे. ६४० चा सोळावा भाग ४०, त्याची सहापट २४०. आजींनी नातीला पावकी, निमकी, पाऊणकी जरूर शिकवावी. ती वाया जाणार नाही.

तर्कशक्तीच्या विभागात आठ माणसे गोल टेबलाभोवती बसवतात आणि कोण कोणाच्या शेजारी, ते विचारतात. पंगतीचाच प्रकार हा! आधी ज्याची जागा पक्की ठाऊक, त्याला बसवावे. मग बाकीचे आपोआप बसतात. नात्यांच्या प्रश्नात वंशवृक्ष काढावा. मावशी, आत्या, काकू, मामी या चौघींना इंग्रजीत एकच शब्द आहे, म्हणून तोंडी उत्तर देण्यात फसगत होते.

आता अंदाजाविषयी. या परीक्षेत पाच पर्याय असतात आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात. पाच प्रश्न डोळे मिटून सोडवले, तर सरासरीने एक बरोबर येतो, चार चुकतात. मिळाला एक, गेला एक, हाती शून्य. पण दोन पर्याय खात्रीने खोडता आले, तर सहा प्रश्नांत सरासरी दोन बरोबर येतील, चार चुकतील, आणि एक गुण पदरात पडेल. म्हणून विचार करून केलेला अंदाज चालेल, आंधळा नको. मात्र हा हिशेब सर्वत्र लागू नाही. रेल्वेच्या सहायक लोको पायलटच्या संगणकीय कल-चाचणीत चुकीला गुण कापत नाहीत. पण तिच्या प्रत्येक भागात ठरलेले किमान गुण हवेतच. सातारच्या सुरेखा यादव १९८९ साली सहायक चालक झाल्या. तेव्हापासून तो दरवाजाही मुलींना उघडा आहे. कोणत्याही परीक्षेचे नियम मूळ जाहिरातीत वाचावेत, ऐकीव माहितीवर विसंबू नये.

तयारीची रीत साधी आहे. घड्याळ लावून पूर्ण चाचणी सोडवावी, आणि मग तितकाच वेळ चुका तपासण्यात घालवावा. वहीत तीन रकाने करावेत: येतच नव्हते, घाईत चुकले, वेळ फार लागला. पहिल्याला अभ्यास हवा, दुसऱ्याला सावधपणा. तिसऱ्याला मात्र प्रश्न सोडून पुढे जाण्याचे धैर्य हवे, आणि तेच सर्वांत उशिरा येते.

भगिनींनो, आता मुख्य गोष्ट. हा सगळा सराव अखंड साठ मिनिटांचा आहे. आपल्या घरात सुनेला अखंड साठ मिनिटे कधी मिळतात? दूधवाला येतो, कुकरची शिट्टी होते, पाहुण्यांना चहा हवा असतो. मुलगा अभ्यासाला बसला की घर हळू बोलते. सून बसली की तिला हाक जाते. तिची बुद्धी कमी पडत नाही, तिचा तास मोडतो.

आणि तिच्याजवळ वर्षेही मोजकीच असतात. बँकेच्या या जागांना पदवी लागते आणि वयाची साधारण मर्यादा २८ वर्षांची आहे. पुनर्विवाह न केलेल्या विधवा, घटस्फोटित आणि कायद्याने विभक्त झालेल्या स्त्रियांना खुल्या गटातही ३५ वर्षांपर्यंत सवलत आहे. ही गोष्ट आपल्यापैकी कितीजणींना ठाऊक होती? ज्या भगिनीला तिची गरज आहे, तिच्या कानांवर ती आजच घाला.

माझी मंडळाला एकच विनंती आहे. आपली खोली दुपारी रिकामी असते. आठवड्यातून तीन दुपारी ती या मुलींसाठी उघडावी. एक घड्याळ, एक सतरंजी आणि दाराशी त्यांची लहान मुले सांभाळणारी एक सभासद, एवढे पुरे. नोकरी मिळवणे त्यांच्या हाती आहे. तास देणे आपल्या हाती आहे.