मागच्या सीटवरची बाई



दुचाकीस्वारांचे हक्क म्हटले की हेल्मेटसक्तीविरुद्धचा मोर्चा आठवतो. पुण्यात जानेवारी २०१९ मध्ये तसा मोर्चा निघाला. चालवणारे संघटित होतात, सरकारला ऐकायला लावतात. मी विचारते, मागे बसलेल्या बाईच्या वतीने कोण बोलते?

दिल्लीत शीख संघटनांच्या विरोधानंतर १९९९ मध्ये सरसकट सगळ्याच स्त्रियांना हेल्मेट ऐच्छिक झाले. शीख स्त्रिया वगळता इतरांना ते सक्तीचे व्हायला २०१४ उजाडले. पंधरा वर्षे ही ‘सवलत’ बायकांच्या डोक्यावर होती.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १२३ वाचा. मागे बसणाऱ्यासाठी धरायला मूठ, पाय ठेवायला आधार आणि कपडा अडकू नये म्हणून मागचे निम्मे चाक तरी झाकलेले हवे. तरीही गाडी दिसायला बरी म्हणून साडीगार्ड काढले जाते.

तेव्हा कामे वाटून घेऊ या. एका गटाने आरटीओला निवेदन द्यावे. दुसऱ्याने माहितीच्या अधिकारात विचारावे, आपल्या जिल्ह्यात मागे बसलेल्या किती स्त्रिया अपघातात गेल्या? ते उत्तर वर्तमानपत्रांना द्यावे. आकडा हातात असला की ‘अपघात व्हायचेच’ म्हणून आपल्याला दारातून परत पाठवणे कठीण जाईल.