आधी भगत की आधी दवाखाना?

श्रोतेहो, भातलावणीचे दिवस आले की अंबरनाथ-बदलापूरच्या आसपासच्या खेड्यांतून सर्पदंशाची बातमी येतेच. अशा वेळी घरातली वडील माणसे आधी भगताकडे धावतात. त्यांना अडाणी म्हणणे सोपे आहे. पण भगत हाकेच्या अंतरावरचा, आपल्या बोलीत बोलणारा. उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात आपल्या ओळखीचे कोण?

शिवाय धामण, दिवड यांना विष नसतेच. चावलेला माणूस आपोआप बरा होतो आणि यश मंत्राच्या पदरात पडते! मण्यारीचे तसे नाही. दंश फारसा दुखत नाही, सूजही बेताचीच. मग पापण्या जड होतात, पुढे श्वास अडतो. तिथे प्रतिविषाची सुईच हवी.

२०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने सर्पदंशावर औषधोपचार घेऊ न देता मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा गुन्हा ठरवला. ते योग्यच झाले. तरी गुरुजी, भगताला नुसता कायदा दाखवू नका. गावात त्याच्या शब्दाला मान आहे, तोच कामी लावा. ‘अंगारा लावायचा तर गाडीत लाव, पण गाडी आधी निघू दे,’ एवढे त्याच्याकडून कबूल करून घ्या. जखम कापू नये, घट्ट आवळू नये, चावलेला हात वा पाय हलू देऊ नये, हेही त्यालाच गावाला सांगू द्या.