बोनेटची दांडी आणि आपली बोटं

आम्ही काटोलच्या बचत गटातल्या बायका. आज लोणचं-पापड नाही आणि कर्जाचा हप्ताही नाही. आज बोलायचं आहे जुन्या मोटारीच्या बोनेटबद्दल. बायकांना त्याचं काय, असं कोणी म्हणेल. आधी ऐका तर.

आमच्या गटातल्या मावशींकडे त्यांच्या यजमानांच्या काळची अ‍ॅम्बेसेडर आहे. बंगालमधल्या उत्तरपाड्याच्या कारखान्यात २०१४ साली ही गाडी बनणं थांबलं, पण मावशींनी तिला भंगारात घातलं नाही. संत्र्याचं सरबत नागपूरला विकायला न्यायचं असो की कोणाला दवाखान्यात, आमची तीच गाडी. आमच्यातल्या दोघी ती चालवतात.

मागच्या उन्हाळ्यात गाडी रस्त्यात तापली. एका ताईंनी बोनेट उघडून टेकूची दांडी लावली. तेवढ्यात वावटळ आली, दांडी खाचेतून निसटली आणि लोखंडी बोनेट त्यांच्या हातावर पडलं. दोन बोटांची हाडं मोडली. दीड महिना प्लास्टर, दीड महिना मजुरी बुडाली. घरोघरून सल्ला आला, गाडी विकून टाका. आम्ही बसून विचार केला. खोट गाडीत नव्हती, टेकूत होती. मग टेकूच बदलायचं ठरलं.

नव्या गाड्यांची डिक्की उचलली की आपोआप वर राहते, हे तुम्ही पाहिलं असेल. तिथे दोन्ही बाजूंना काळी नळी असते. तिला गॅस स्ट्रट म्हणतात; दुकानात डिक्कीचा शॉकर मागितला की मिळतो. नळीत दाबून भरलेला नायट्रोजन वायू आणि थोडं तेल असतं. वायू दांड्याला बाहेर ढकलत राहतो, म्हणून झाकण वर राहतं. जुन्या गाडीलाही तो लावता येतो.

पण जोर किती हवा? मिस्त्री भाऊ म्हणाले, "जास्तीचाच लावू." आम्ही म्हटलं, भाऊ, आधी मोजू. बोनेट पूर्ण उघडलं आणि त्याच्या पुढच्या कडेला स्प्रिंगचा काटा अडकवून सरळ वर ओढलं. काटा ८ किलो दाखवत होता. बिजागरीपासून ती कड आडव्या मापाने ६० सेंटिमीटर लांब. ८ गुणिले ६०, म्हणजे ४८०. शॉकरची रेघ बिजागरीपासून काटकोनात २० सेंटिमीटर दूर बसणार होती. ४८० भागिले २०, म्हणजे २४ किलो. शॉकर दोन, म्हणून प्रत्येकी १२ किलो. शॉकरवर जोर न्यूटनमध्ये लिहिलेला असतो. १० न्यूटन म्हणजे साधारण एक किलो. आम्हाला १२० पुरले असते, थोडी सूट ठेवून १५० चे घेतले. तुमच्या गाडीचं माप वेगळं येईल, आमचा आकडा उचलू नका.

सूट का ठेवायची? थंडीत वायूचा जोर कमी होतो, उन्हात वाढतो. आपल्याकडच्या पहाटेच्या थंडीत आणि मे महिन्याच्या दुपारी साधारण दहा-बारा टक्के फरक पडतो. फार कमी जोराचा घेतला तर पौषात बोनेट खाली येईल. फार जास्तीचा घेतला तर बोनेट बंद करताना पत्रा वाकेल, बिजागरी ढिली होईल.

बसवताना चार गोष्टी सांभाळा. पट्टी बोनेटच्या आतल्या जाड चौकटीला लावा, पातळ पत्र्याला नको. बोनेट बंद असताना दांड्याचं तोंड खाली आणि नळी वर असू द्या. त्यामुळे आतलं तेल सीलपाशी राहतं आणि शॉकर टिकतो. बोनेट बंद केल्यावरही दांडा आत जायला थोडी जागा उरली पाहिजे, नाहीतर लॉक लागण्याआधीच शॉकर अडेल. आणि भोक पाडण्याआधी पुठ्ठा कापून बघा, शॉकर बॅटरीला किंवा पाण्याच्या पाइपला घासत तर नाही ना. जमलं तर बोल्टची जुनीच भोकं वापरा, म्हणजे जुन्या गाडीचं मूळ रूप राहतं.

जुना शॉकर कधी कापू नका, भोसकू नका, चुलीत टाकू नका. आतला दाब जीवघेणा असतो. शॉकरवर तेल दिसू लागलं किंवा बोनेट हळूहळू खाली बसू लागलं, तर जोडीने दोन्ही बदला. जुनी दांडी फेकू नका. जास्त वेळ काम करायचं असेल तर तीही लावा. आणि गाडी तापलेली असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, हे तर पक्कं ध्यानात ठेवा.

आता पहिली वीतभर उचल हाताने द्यावी लागते, पुढे बोनेट आपलं आपण वर जातं. ज्या ताईंची बोटं मोडली होती, त्याच आता रोज सकाळी बोनेट उघडून पाणी आणि ऑइल बघतात. सुरुवातीला हात थरथरायचा. आता नाही.

मैत्रिणींनो, तुमच्या घरात जीप असेल, जुनी मोटार असेल, ट्रॅक्टर असेल, तर आज एवढंच करा. त्याचं झाकण कशाच्या आधारावर उभं राहतं, ते एकदा स्वतः जाऊन बघा. आधार ढिला असेल तर आजच सांगा.