एका मेजाभोवती



शरीररचनाशास्त्राच्या या परिषदेच्या यजमानपदाचा मान मुंबईला मिळावा हे मला विशेष उचित वाटते. कारण ज्या ग्रंथावर वैद्यकाच्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या पोसल्या, त्या ‘ग्रेज अ‍ॅनाटमी’ची चित्रे काढणारा हेन्री व्हॅनडाइक कार्टर, ग्रंथ प्रसिद्ध झाला त्याच १८५८ साली, या शहरात आला आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात हाच विषय शिकवू लागला. लंडनच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात ग्रंथकार ग्रे आणि कार्टर या दोघांनी मिळून शवविच्छेदने केली, एकाने लिहिले, दुसऱ्याने रेखाटले. लौकिक मात्र बव्हंशी पहिल्याच्याच वाट्यास आला.

येथे आल्यावर कार्टर विच्छेदनगृहापुरता राहिला नाही. शेतात अनवाणी राबणाऱ्यांचे सुजून बेढब झालेले, जागोजाग छिद्रे पडलेले पाय शल्यवैद्य नाइलाजाने कापीत. ते तो चिरून तपासी, आतील काळे दाणे सूक्ष्मदर्शकाखाली धरी आणि दिसेल ते रेखाटून ठेवी. हा रोग बुरशीचा, हे प्रतिपादन त्याने १८७४ च्या सचित्र ग्रंथात विस्ताराने मांडले.

विच्छेदक, चित्रकार आणि रोगसंशोधक असे एकाच पुरुषात एकवटणे आज ज्ञानाच्या विस्तारामुळे दुर्घट झाले आहे. म्हणूनच त्यांनी एका मेजाभोवती जमणे अगत्याचे आहे. पित्ताशयाच्या धमनीचा मार्ग माणसागणिक बदलतो, हे विच्छेदकास ठाऊक असते. परंतु त्याची नोंद विभागाच्या दप्तरात दाखल होऊन तेथेच पडून राहिली, तर शस्त्रक्रियागृहातील रुग्णास तिचा काय उपयोग? ही विभागाविभागांतील कुंपणे मला अक्षम्य वाटतात.

विच्छेदनासाठी आपल्याला मिळणाऱ्या देहांचाच विचार करा. १९४९ च्या मुंबई अ‍ॅनाटमी कायद्याने बेवारस प्रेते अध्ययनासाठी मिळण्याची तजवीज केली. आता सुजाण नागरिक स्वेच्छेने देहदान करतात. तो देह ते एकाच विभागाला देत नाहीत, समग्र वैद्यकाला देतात.

म्हणून परिषदेस आलेल्या प्रतिनिधींना माझी आग्रहाची विनंती अशी, की आपापल्या महाविद्यालयी परतल्यावर आपण शल्यवैद्यांना, क्ष-किरणतज्ज्ञांना आणि विकृतिशास्त्रज्ञांना विच्छेदनगृहात बोलवावे, विद्यार्थ्यांसमक्ष त्यांच्याशी चर्चा करावी, आणि आपल्या नोंदी त्यांच्या हाती द्याव्यात.